आधी तारीख, मग गाव

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतल्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दर डिसेंबरला पुण्याहून येणारं कोणी ना कोणी ते गुंडाळी करून घेऊन येतं. लोक त्याच्या चौकोनांत दुधाचा खाडा लिहितात, आम्ही सहली लिहितो. आधी पेन्सिलीनं, ठरलं की पेनानं.

नोकरीनिमित्त म्हैसूरला आलेली मराठी मंडळी आल्या आल्या गावांची यादी करतात: उटी, कूर्ग, बेलूर-हळेबीड. मग सुट्टी मिळेल तेव्हा गाडी काढायची. माझं म्हणणं, यादी करावी ती तारखांची. इकडची बरीच ठिकाणं वर्षातले थोडेच दिवस खरी खुलतात. ते दिवस आधी हेरले, की गावं आपोआप चौकोनांत जाऊन बसतात.

लेकी माहेरी येतात ते गाव

जानेवारी ते एप्रिल, पहिला मान कोक्करे बेळ्ळूरचा. मद्दूर तालुक्यातलं हे छोटं गाव. कोक्करे म्हणजे कन्नडमध्ये करकोचा. इथे पेलिकन आणि चित्रबलाक अभयारण्यात राहत नाहीत, गावातच राहतात. घरांच्या अंगणातल्या चिंचांवर त्यांची घरटी असतात. खाली बाया भांडी घासत असतात आणि वर हातभर चोचीचं पिल्लू आईच्या झोळीत डोकं खुपसून मासा ओढत असतं. हे पक्षी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, असं गावकरी मानतात. पक्ष्यांसाठी चिंचा उतरवायच्या नाहीत, म्हणून झाडमालकांना वनखातं मोबदला देत आलं आहे. मराठी माणसाला माहेरपण समजावून सांगावं लागत नाही, आमच्या आईनं त्या झाडाखाली उभं राहून सहज विचारलं, "पाठवणी कधी?" पावसाळ्याच्या तोंडावर, आई.

त्याच मोसमात रंगनतिट्टू. कावेरीतली ही बेटं १९४० साली अभयारण्य झाली, ती सलीम अली यांनी म्हैसूरच्या महाराजांकडे शब्द टाकला म्हणून. २०२२मध्ये रंगनतिट्टूला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नावेतून जाताना खडकावर मगरी निवांत पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात मात्र कृष्णराजसागर धरणातून पाणी सोडलं की बेटं बुडतात आणि नावा बंद होतात. म्हणून ऑगस्टच्या चौकोनात रंगनतिट्टू लिहू नये.

जिचं बुकिंग होत नाही अशी सहल

हूटगळ्ळी हुणसूर रस्त्यावर आहे, हे आमचं भाग्य. कूर्गकडे निघालं की म्हैसूर शहरात शिरायचं कामच नाही. यलवाळ, बिळिकेरे, हुणसूर, पिरियापट्टण ओलांडलं की बैलकुप्पे, तिथून कुशालनगर. लोक हा रस्ता दिवाळीच्या सुट्टीत धरतात. मी मार्च-एप्रिल सांगेन.

कॉफीला फुलोरा येतो तो पहिल्या वळिवानंतर. सर पडली की साधारण आठ-दहा दिवसांनी मळेच्या मळे एका रात्रीत पांढरे होतात. फांदीला गजरा गुंडाळावा तशी फुलं, वास थेट मोगऱ्याच्या घराण्यातला. तीन-चार दिवसांत सगळं तपकिरी पडतं. हॉटेल आधी ठरवून हे गाठता येत नाही. मडिकेरीकडे पाऊस झाल्याची बातमी आली की बोटांवर दिवस मोजायचे, आणि ज्या शनिवारी गणित जुळेल त्या शनिवारी निघायचं. आमच्या कालनिर्णयावर मार्चच्या समासात "कॉफी?" असं प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं असतं. दोन वर्षांत एकदाच जमलं, पण गाडीच्या काचा खाली करून घालवलेला तो एक तास अजून नाकात आहे.

वाटेत बैलकुप्पेला थांबाच. तिबेटी निर्वासितांची ही वसाहत १९६१पासूनची. तिथल्या सुवर्णमंदिरात बुद्ध, पद्मसंभव आणि अमितायुस यांच्या प्रचंड सोनेरी मूर्ती आहेत. अमेरिकेतला भाचा सोबत असेल तर एक लक्षात ठेवा: परदेशी पासपोर्टवर वसाहतीत मुक्काम करायचा तर वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी बरंच आधी अर्ज करावा लागतो.

पावसाळा घरात काढू नका

जुलै ते ऑक्टोबर कावेरी अंगावर येते. शिवनसमुद्रला गगनचुक्की आणि भरचुक्की हे दोन धबधबे आहेत. मे महिन्यात गेलात तर कातळ पाहून परत याल. इथल्या वीजघरातून १९०२मध्ये वीज निघाली आणि सुमारे दीडशे किलोमीटर तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणीत पोचली. म्हैसूरच्या राजवाड्याच्याही आधी खाणीत दिवे लागले!

त्याच दिशेला सोमनाथपूरचं केशव मंदिर, तेराव्या शतकातलं. बेलूर आणि हळेबीडबरोबर २०२३मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. मूर्तींच्या पायथ्याशी बारीक अक्षरं शोधा. मल्लितम्म नावाच्या शिल्पकारानं तिथे आपलं नाव कोरून ठेवलं आहे. आपल्याकडच्या लेण्यांत ज्या हातांचा पत्ता लागत नाही, तसाच एक हात इथे आपलं नाव सांगतो. मुलांना हे नाव हुडकायला लावलं की ती देवळात कंटाळत नाहीत.

ऑक्टोबर २०२६ पेनानंच लिहा

हा माझा या वर्षीचा सगळ्यात आवडता शोध, आणि तो कालनिर्णयानंच लावून दिला. तळकावेरीला तुला संक्रमणाच्या मुहूर्तावर कुंडातलं पाणी उसळतं, तो तीर्थोद्भव. सूर्य तूळ राशीत जातो त्यावर तो ठरतो, म्हणून दर वर्षी १७ ऑक्टोबरच्या आसपासच येतो. दसरा मात्र चंद्राच्या तालावर मागेपुढे सरकतो. २०२५मध्ये तो २ ऑक्टोबरलाच आटोपला. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे घटस्थापना थेट ११ ऑक्टोबरला. म्हणजे ऐन नवरात्रात तीर्थोद्भव! कावेरीचं उगमस्थान आणि म्हैसूरचा दसरा, दोन्ही एकाच आठवड्यात.

राजवाडा एरवी रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला उजळतो, जवळजवळ एक लाख दिव्यांनी, दसऱ्यात रोज. दसऱ्याच्या मिरवणुकीत, म्हणजे जंबू सवारीत, अंबारी येते ती साडेसातशे किलोंची. हत्तीच्या पायांचा आवाज जवळून ऐकला तर त्या वजनाचा अंदाज येतो: डांबरावर ओलं पोतं टाकल्यासारखा, मऊ आणि जड.

पुण्या-मुंबईचे पाहुणे यायचे असतील तर रेल्वेचं गणित बदललंय हे त्यांना कळवा. आगाऊ आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४पासून ते साठ दिवसांवर आलं आहे. नवरात्रासाठी ऑगस्टच्या मध्यालाच सकाळी आठ वाजता फोन हातात घेऊन बसावं लागेल. दादर-म्हैसूर शरावती एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते, तिच्यावर सगळ्यांची झुंबड असते.

आणि पाहुण्यांना उटी दाखवायची असेल तर बंदीपूरचं फाटक विसरू नका. रात्री नऊ ते सकाळी सहा जंगलातला रस्ता वाहनांना बंद असतो. रात्र प्राण्यांची. हा नियम मला मनापासून पटतो. परतताना चहाला एक थांबा कमी घ्या.

बेळगोळला आपली अक्षरं

वर्षाची यादी एकाच गावाची करायची असती तर मी श्रवणबेळगोळ लिहिलं असतं. हूटगळ्ळीहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. सहाशेहून जास्त पायऱ्या, अनवाणी. म्हणून डिसेंबर-जानेवारी, आणि तेही सकाळी. एप्रिलच्या दुपारी तो ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो. जाड मोजे घातलेले चालतात.

वर सत्तावन्न फुटी गोमटेश्वर एकाच दगडातून घडवलेला. सगळे मान वर करून पाहतात. तुम्ही मान खाली करा. मूर्तीच्या पायाशी नागरीत कोरलं आहे: श्रीचावुण्डराजें करवियलें. मूर्ती चावुंडरायानं करवून घेतली, एवढंच. शेजारी हेच कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही आहे. आमच्या पिढीनं शाळेत हाच मराठीतला पहिला शिलालेख म्हणून पाठ केला. आता अलिबागजवळच्या आक्षीचा १०१२चा लेख पुढे आला आहे आणि आद्य कोण यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण वादाचा निकाल काहीही लागो, कर्नाटकातल्या टेकडीवर, कन्नडच्या शेजारी, आपली भाषा हजारभर वर्षं घरच्यासारखी राहते आहे. इथे येऊन राहिलेल्या मराठी माणसाला "आपण बाहेरचे" असं वाटायला लागलं की त्यानं त्या ओळीसमोर उभं राहून यावं. मी "करवियलें" मोठ्यानं वाचलं तेव्हा मागच्या कन्नड अज्जींनी हसून त्यांची ओळ मला वाचून दाखवली: "माडिसिदं." अर्थ तोच.

आणि २०३०

बाहुबलीचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो: २००६, २०१८, पुढचा २०३०. मुन्नारच्या डोंगरांवर नीलकुरिंजी फुलते तीही बारा वर्षांनी. २००६, २०१८, पुढची २०३०! आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ही चुलत बहीण. एकीकडे दूध-केशराच्या धारा, दुसरीकडे निळे डोंगर, आणि वर्ष एकच. हा मेळ लक्षात आला त्या रात्री मी कालनिर्णयाच्या शेवटच्या पानामागे दोन नावं पेनानं लिहिली.

त्या वर्षी आई पंचाहत्तरीची होईल. बेळगोळला पायऱ्या चढायला डोली मिळते, ही चौकशी करून झाली आहे. आई म्हणते डोली नको, मोजे आण.