विश्लेषण : घरच्या सुतारकामासाठी बँड सॉ घेताना नेमके काय पाहावे?

भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून सागवानाचा तुकडा आणायचा, रविवार पेठेच्या बोहरी आळीतून पटाशी आणि स्क्रू घ्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात काम मांडायचे, अशी हौस असलेले लोक पुण्यात कमी नाहीत. ड्रिल आणि जिगसॉ झाले की त्यांची नजर बँड सॉकडे वळते. या यंत्रात एकरकमी पैसे जातात आणि चूक झाली तर ते घरात जागा अडवून बसते. दुकानात चर्चा मात्र एकाच आकड्याची होते : दहा इंची की चौदा इंची?

हा इंचाचा आकडा कशाचा?

बँड सॉमध्ये दोन चाकांवर दातेरी पोलादी पट्टा फिरतो. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते, पण पट्ट्याचा सांधा टिकत नसे. फ्रान्समधील क्रेपिन या महिलेने १८४६ मध्ये सांधा जोडण्याची पद्धत शोधली आणि यंत्र वापरात आले. दुकानदार सांगतो तो आकडा म्हणजे या चाकाचा व्यास. पाते आणि यंत्राचा खांब यांत किती रुंद लाकूड मावेल, एवढेच त्यातून कळते.

घरच्या कामात अडते ते उंचीपाशी. सागाचा जाड तुकडा उभा धरून त्याच्या पातळ फळ्या पाडायच्या असतील, तर पात्याच्या वरच्या आधारापासून टेबलापर्यंत किती अंतर मिळते हे महत्त्वाचे. आठ इंची छोट्या यंत्रात ते साधारण तीन इंच असते, नेहमीच्या चौदा इंची यंत्रात सहा इंच. खेळणी, चमचे, वळणदार कंस एवढेच करायचे असेल तर छोटे यंत्र पुरते. सागवान घनफुटावर विकले जाते. महागडा तुकडा जाड घेऊन घरी चिरायचा विचार असेल, तर उंचीवर तडजोड करू नये. वर्षातून दोनदाच फळ्या पाडायच्या असतील तर ते काम वखारीतून करून घेणे केव्हाही स्वस्त.

मोटारीच्या पाटीवर काय वाचावे?

१ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. चौदा इंची यंत्राला निदान एवढी मोटार हवी. जाहिरातीतील अश्वशक्तीवर न जाता मोटारीवरची पाटी पाहावी. तिथे ‘एस१’ लिहिले असेल तर मोटार पूर्ण भाराने सलग चालू शकते. ‘एस६ ४०%’ असेल तर दहा मिनिटांपैकी चारच मिनिटे भार घ्यायचा, बाकीची सहा रिकामी फिरवायची. स्वस्त यंत्रांची ताकद बऱ्याचदा अशीच मोजलेली असते. घरच्या सिंगल फेज जोडणीवर १ अश्वशक्तीची मोटार चालते, पण सुरू होताना ती कित्येक पट प्रवाह ओढते. म्हणून अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. बारीक वायरचे एक्स्टेन्शन लावले तर मोटार तापते.

भोसरीतून जुने यंत्र स्वस्तात मिळाले तर?

इथे पुणेकराने जास्त सावध राहावे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांत दिसणारे बँड सॉ मुख्यतः लोखंड कापायचे असतात. त्यांचे पाते मिनिटाला काही दशक मीटर एवढ्याच वेगाने फिरते. लाकडासाठी तो वेग मिनिटाला सुमारे ९०० मीटर लागतो. धातूच्या यंत्रावर लाकूड नीट कापले जात नाही. लाकडाचेच जुने यंत्र असेल तर वीज बंद ठेवून, पाते काढून चाके हाताने फिरवून पाहावीत. चाक डुगडुगते का, त्यावरचे रबर तडकले आहे का, टेबल पात्याशी गुण्यात बसते का, हे तपासावे. रबर बदलता येते, वाकलेला सांगाडा सहसा सरळ होत नाही.

मग खरा फरक कशाने पडतो?

पात्याने. यंत्राबरोबर आलेले पाते बहुधा कामचलाऊ असते आणि ‘हे यंत्र सरळ कापतच नाही’ ही तक्रार बरेचदा त्याच्यामुळे होते. फळ्या पाडायला अर्धा इंच रुंद, इंचाला तीन दात असलेले पाते घ्यावे. जास्त दातांचे पाते जाड लाकडात भुशाने भरून तापते आणि काप वाकडा जातो. वळणांसाठी पाव इंची पाते. ते साधारण पाऊण इंच त्रिज्येपर्यंत वळते, अर्ध्या इंची पात्याला अडीच इंच लागतात. खरेदीआधी पात्याची नेमकी लांबी विचारावी आणि त्या लांबीचे पाते पुण्यात मिळते का, हे दुसऱ्या दुकानात जाऊन पाहावे. मिळत नसेल तर यंत्र कितीही देखणे असो, सोडून द्यावे.

हे यंत्र सुरक्षित आहे का?

गोल करवतीसारखे ते लाकूड मागे भिरकावत नाही, पाते लाकडाला टेबलावर खाली दाबते. त्यामुळे येणारा निर्धास्तपणाच बोटांवर बेततो. वरचा आधार लाकडापासून पाव इंचावर आणावा, हातमोजे घालू नयेत, शेवटचा भाग काठीने ढकलावा. गोल फांदी तशीच सरकवली तर पाते ती गरकन फिरवते. ती पाचर ठोकून पक्की करावी लागते. बारीक भुसा वेगळा धोका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. बंद बाल्कनीत व्हॅक्यूम आणि मास्कशिवाय काम नको.

शेजारी आणि कायदा?

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर यंत्र बंदच असावे. सोसायटीतील पडलेले झाड परस्पर कापून आणू नये. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते. लोकांचे ओंडके चिरून देण्याचा धंदा मांडला, तर प्रश्न आरा गिरणीच्या परवान्याचा होतो. केंद्राने २०१६ मध्ये लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, तेव्हा मोठे यंत्र घेण्याआधी वनविभागात चौकशी करावी.

पैसे देण्यापूर्वी दुकानात एक चाचणी मागावी : चार इंच जाडीचा तुकडा उभा चिरून दाखवा. फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि वर-खाली मोजावी. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर दुसरे दुकान पाहावे. यंत्र घरी आल्यावर काम संपले की पात्याचा ताण सैल करावा आणि पुण्याच्या पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर मेणाचा हात फिरवावा. नाहीतर गणपतीपर्यंत त्यावर गंजाचे डाग उमटतात.