रास अल खैमाची रणभूमी: एका दिवसाची बससहल कशी आखावी?



थंडी सुरू झाली की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. वाळवंटातली सफारी, हत्ता, खोरफक्कानचा किनारा हे बहुतेकांचे दोन-दोनदा पाहून झालेले असते. मग "यंदा काहीतरी वेगळं काढा" अशी मागणी होते. त्यांच्यासाठी हा लेख. दुबई-शारजाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी एक खरीखुरी रणभूमी आपल्या अगदी जवळ आहे. तिथे लढलेली फौज मुंबईहून आलेली होती, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

ही जागा म्हणजे रास अल खैमाच्या उत्तरेला, रम्स गावाजवळचा धायाचा किल्ला.

काय घडले होते इथे?

अठराव्या शतकाच्या अखेरीस रास अल खैमा आणि शारजा या भागावर कासिमी घराण्याची सत्ता होती. त्यांचे आरमार मोठे होते आणि आखातातल्या व्यापारावर त्यांचा दरारा होता. मस्कतच्या राज्यकर्त्यांशी त्यांचे वैर होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांशीही खटके उडत. कंपनीने १८०९ मध्ये मुंबईहून आरमार पाठवून रास अल खैमा जाळले. तरी प्रश्न मिटला नाही, म्हणून दहा वर्षांनी मोठी मोहीम निघाली.

नोव्हेंबर १८१९ मध्ये मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर याच्या हाताखाली सुमारे ३००० सैनिक मुंबईहून निघाले. त्यात दोन गोऱ्या पलटणी होत्या आणि बाकीचे मुंबईच्या देशी पायदळातले व मरीन बटालियनमधले शिपाई होते. या कीरसाहेबाचे नाव सिंधुदुर्गातल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सावंतवाडी संस्थानावर चाल करून वेंगुर्ल्याजवळचा रेडीचा यशवंतगड घेणारा सेनापती हाच!

९ डिसेंबरला रास अल खैमा पडले. मग फौज उत्तरेला रम्सकडे वळली. तिथले शेख हुसेन बिन अली आपल्या लोकांसह धायाच्या टेकडीवरच्या किल्ल्यात गेले. १८ डिसेंबरपासून वेढा सुरू झाला. वर पुरेसे पाणी नव्हते आणि उन्हापासून आडोसाही नव्हता. हलक्या तोफांनी किल्ला पडेना, तेव्हा 'लिव्हरपूल' या युद्धनौकेवरच्या दोन २४ पौंडी तोफा किनाऱ्यावर उतरवून सुमारे सहा किलोमीटर ओढत आणल्या. (२४ पौंडी म्हणजे जिचा एक गोळा जवळजवळ ११ किलोचा, अशी तोफ.) २२ डिसेंबरला सकाळी दोन तासांच्या माऱ्यात तट फुटला आणि किल्ला शरण आला. शरण आलेल्या ३९८ पुरुषांपैकी लढवय्ये म्हणून नोंद झाली ती फक्त १७७ जणांची. बाकीचे खजुराच्या बागांतून जिवाच्या भीतीने वर पळालेले शेतकरी आणि गुराखी होते. शिवाय बायका-मुले वेगळीच.

त्यानंतर उम्म अल क्वैन, अजमान, शारजा आणि दुबई इथल्या तटबंद्या आणि मोठी जहाजेही फौजेने नष्ट केली. ८ जानेवारी १८२० रोजी रास अल खैमात सामान्य सागरी तहावर सह्या सुरू झाल्या. हा किनारा पुढे दीडशे वर्षे इंग्रजांच्या छत्राखाली राहिला, त्याची सुरुवात इथून झाली.

आपला संबंध काय?

मुंबईच्या देशी पायदळात त्या काळी कोकण आणि देशावरची माणसे मोठ्या संख्येने होती: मराठे, महार, कोकणातले बेने इस्रायली. उत्तर हिंदुस्थानातले शिपाईही होते. खडकीची लढाई नोव्हेंबर १८१७ ची आणि कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची. म्हणजे पेशवाई संपून जेमतेम दीड वर्ष झाले होते, तेवढ्यात मुंबईची फौज या वाळूत उतरली.

फौज परतताना रास अल खैमात सुमारे ८०० शिपायांचा तळ मागे ठेवला गेला. जुलै १८२० मध्ये तो तळ उठून किश्म बेटावर गेला आणि नोव्हेंबरात त्यातल्याच शिपायांना ओमानमधल्या बनी बू अली टोळीवर पाठवण्यात आले. तिथे कॅप्टन थॉम्प्सनच्या तुकडीचा दारुण पराभव झाला. निम्म्याहून अधिक शिपाई मारले गेले. पुढच्या वर्षी मुंबईहून दुसरी फौज येऊन लढाई जिंकली आणि मुंबईच्या काही पलटणींच्या निशाणांवर 'बनी बू अली' हा युद्धसन्मान आला. मेलेल्या शिपायांच्या गावी ही बातमी कधी आणि कशी पोचली असेल, याचा विचार आखातात नोकरीला आलेल्या आपल्यासारख्यांनी जरूर करावा.

मुलांना काय सांगायचे?

आमच्या मते सहलीतला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे. इंग्रजी पुस्तकांत या किनाऱ्याला कित्येक वर्षे 'चाच्यांचा किनारा' म्हणत. हा शब्द ऐकला की आपल्याला दुसरे एक नाव आठवायला हवे. सरखेल कान्होजी आंग्रे! छत्रपती शाहू महाराजांच्या या आरमारप्रमुखालाही इंग्रज चाचाच म्हणत. आपल्या समुद्रातून जाणाऱ्याने आपला दस्तक घ्यावा हा कान्होजींचा आग्रह होता आणि कंपनीला तो मान्य नव्हता.

शारजाचे शासक डॉ. शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये एक गाजलेले पुस्तक लिहिले. आखातातली अरबांची चाचेगिरी ही मुख्यतः कंपनीने व्यापार हाती घेण्यासाठी उभी केलेली कथा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी मुंबईच्या पुराभिलेखागारातले कंपनीचे कागद तपासले. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे तेच हे दप्तर. सगळ्याच इतिहासकारांना त्यांचे म्हणणे पूर्ण पटलेले नाही, कारण जहाजांवर हल्ले झाले होते हेही खरे आहे. मुलांना दोन्ही बाजू सांगाव्यात. टेकडीवर आपले घर वाचवणारी माणसे होती आणि खाली पगारासाठी आलेली आपली माणसे होती. एकाला शूर ठरवण्यासाठी दुसऱ्याला खलनायक करायची गरज नाही.

आता बेत आखूया

दिवस: नोव्हेंबर ते मार्च हाच योग्य काळ. २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे शनिवार सोयीचा. रविवारी विश्रांती मिळते. रमजानचा महिना टाळावा.

बस: परवानाधारक कंपनीचीच घ्या. लेखी दर मागताना टोल, चालकाचे जेवण आणि जादा तासांचे पैसे त्यात धरलेत का हे विचारा. लहान मुलालाही स्वतंत्र आसन धरा, मांडीवर नाही.

वर्गणी: ५० आसनांच्या बसचा खर्च ५० ने भागू नका, ४० ने भागा. हिशेबापुरते धरू की एकूण खर्च २००० दिरहम. ५० ने भागले तर माणशी ४०. पण आयत्या वेळी दहा जण गळाले की ४०० दिरहमचा खड्डा पडतो. ४० ने भागून माणशी ५० घ्या. उरले तर परतीच्या चहाला उपयोगी पडतील! नाव पैसे भरल्यावरच नोंदवावे.

पाहणी: आदल्या आठवड्यात दोघांनी गाडीने जाऊन यावे. मोठी बस पायथ्याजवळ कुठवर जाते, स्वच्छतागृह कुठे आहे आणि संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी कधी, हे डोळ्यांनी पाहिलेले बरे.

वेळापत्रक असे ठेवता येईल:

- ६.३० बर दुबई, करामा, ७.०० अल नहदा, शारजा. बसमध्येच नाश्ता: इडली-चटणी किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या (पोहे सांडतात!).
- ८.४५ धाया. ऊन चढायच्या आत गड चढायचा. सुमारे २४० पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी खाली सावलीत थांबावे, त्यांच्यासोबत एक स्वयंसेवक ठेवावा.
- ११.१५ रास अल खैमाचे राष्ट्रीय संग्रहालय. हा जुना किल्ला १९६० च्या दशकापर्यंत शासकांचे निवासस्थान होता.
- १.०० बागेत जेवण: दशम्या, बटाट्याची भाजी, ठेचा, दहीभात.
- ३.०० जझिरा अल हमरा. प्रवाळाच्या दगडांनी बांधलेले मोती काढणाऱ्यांचे जुने गाव, १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओस पडलेले. १८१९ च्या मोहिमेतही फौजेला ते रिकामेच सापडले होते.
- ४.३० परतीचा प्रवास.

गडावर काय पाहाल? वर दोन बुरूज आणि मातीच्या विटांचा तट आहे. आज दिसते ते बरेचसे डागडुजी केलेले काम आहे. एका बाजूला खजुराच्या बागा आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला हजरचे उघडे डोंगर. मुलांना विचारा: तोफा कुठून आणल्या असतील? वरच्या लोकांनी पाणी कुठून आणले असते? नकाशा न दाखवता त्यांनाच शोधू द्या. आपले गडकोट पाहिलेल्या मुलांना उत्तर लवकर सापडेल.

काही पथ्ये: तटावर चढू नये, विटा-खापऱ्या उचलू नयेत, नावे कोरू नयेत. आजूबाजूला वस्ती आहे, त्यामुळे कपडे साधे, आवाज बेताचा आणि स्थानिक कुटुंबांचे फोटो नकोत. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. माणशी दीड लिटर पाणी, टोपी, चांगले बूट आणि एक प्रथमोपचार पेटी हवीच. गडावर घोषणा देण्याचा मोह होईल, पण ही जागा त्यासाठी नाही. वर पोचल्यावर दोन्हीकडच्या मृतांसाठी एक मिनिट शांत उभे राहावे, एवढे पुरे.

जाताना बसमध्ये गाण्याच्या भेंड्या होतीलच. त्याआधी अर्धा तास राखून ठेवा आणि वरच्या हकिकतीतला एकेक तुकडा पाच जणांना आधीच वाटून द्या. एक तरी तुकडा दहावीतल्या मुला-मुलीकडे द्या. वडीलधाऱ्यांच्या भाषणापेक्षा बाकीची मुले ते जास्त लक्ष देऊन ऐकतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

चला तर मग, बसची चौकशी आजच सुरू करा. थंडीतले शनिवार भराभर संपतात!