आठ राजे आणि २,४१,२०० वर्षं

ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात वीतभर उंचीचा, चार बाजूंचा एक मातीचा ठोकळा आहे. इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमाराचा. त्यावर कीलाकार लिपीत सुमेरच्या राजांची यादी कोरलेली आहे. पहिला राजा एरिडू नगरीचा अलुलिम; त्याची कारकीर्द २८,८०० वर्षांची. महापुरापूर्वीच्या आठ राजांची बेरीज २,४१,२०० वर्षं.

या आकड्यांवरून दोन टोकाचे समज निघतात. एक, तेव्हाची माणसं खरंच एवढी जगत होती. दोन, म्हणजे सगळीच भाकडकथा. दोन्ही चूक.

सुमेरी लोक साठाच्या पटीत मोजत. साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० या संख्येला ते ‘शार’ म्हणत. अलुलिमचे बरोबर आठ शार, आठही राजांचे मिळून सदुसष्ट. हा जमाखर्च पंचांगातला नाही, प्रतिष्ठेचा आहे. अकरा हजार वर्षांचं रामराज्य ऐकत वाढलेल्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. शिवाय यादीची सर्वांत जुनी ज्ञात प्रत ऊरच्या शुल्गी राजाच्या काळातली आहे. तिच्यात हे आठ राजे नाहीत आणि महापूरही नाही. तो भाग मागाहून जोडला गेला.

‘यादी म्हणजे इतिहास’ हाही असाच गैरसमज. एका वेळी एकाच नगरीकडे राजपद, हा तिचा आग्रह. म्हणून शेजारी-शेजारी नांदलेली घराणी तिने एकापाठोपाठ एक रांगेत उभी केली. लगाश नगरीचे राजे तर चक्क गाळले, आणि त्यांचेच शिलालेख आज ढिगाने सापडतात! सगळ्यात गंमत गिल्गमेशची. एका सुमेरी काव्यात कीशचा राजा अग्गा उरुकवर चाल करून येतो आणि उरुकचा राजा गिल्गमेश त्याला तोंड देतो. यादीचा हिशेब धरला तर या दोघांत दोन हजारांहून अधिक वर्षांचं अंतर पडतं.

मग सगळंच खोटं का? अग्गाच्या बापाला, एन्मेबारागेसीला, यादी ९०० वर्षं देते. पण त्याचं नाव कोरलेले दगडी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. माणूस खरा, वर्षं फुगवलेली. गिल्गमेशच्या हयातीतला असा एकही लेख हाती नाही. तो होऊन गेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. मी ‘असावा’वरच थांबेन.

सुमेरबद्दलच्या गैरसमजांत आता राहिले अनुन्नाकी. ते म्हणजे निबिरू ग्रहावरून सोनं खणायला आलेले परग्रहवासी, ही कथा झेकरिया सिचिन यांच्या १९७६ च्या पुस्तकाने पसरवली. मातीच्या पाट्यांवर ती कुठेच नाही. अनुन्नाकी हे आकाशदेव अन याच्या वंशातल्या थोर देवांचं सामूहिक नाव. हे देव आपापल्या नगरीत नांदणारे: एन्लिल निप्पूरचा, एन्की एरिडूचा, इनन्ना उरुकची. निबिरू हा शब्द बॅबिलोनी खगोलग्रंथांत येतो खरा, पण तिथे तो मार्दुक देवाचा तारा आहे, बहुधा आपला गुरू. बॅबिलोनच्या ज्योतिषांना नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाचच ग्रह ठाऊक होते. शनीपलीकडचा एकही नाही.