वार कोणाचा धरावा?

परदेशीं गेलेल्या मुलाबाळांशीं ठराविक वारीं पडद्यावर भेटण्याची चाल आतां घरोघर रुळली आहे. दर वेळीं नवें बोलावणें धाडावें लागत नाहीं. फोनमधील दिनदर्शिकेंत एकदां वेळ लिहून हव्या त्या वारांवर खुणा केल्या, कीं तेंच बोलावणें आठवडेच्या आठवडे चालू राहतें. मात्र तें ज्या गांवच्या वेळेवर लिहिलें, तेथीलच वार व घड्याळ पाळतें. ही गोष्ट आम्हांस उशिरां कळली.

आमचे धाकटे बंधु न्यू जर्सीस असतात. त्यांच्या मुलाला मातुःश्रींनीं मराठी वाचन शिकवावें, असें 2025 च्या जूनमध्यें ठरलें. पुण्यास सोमवार, बुधवार व शुक्रवार, सकाळीं साडेसहा. म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ. बंधूंनीं तेथील वेळेवर नऊ लिहून त्याच तीन वारांवर खुणा केल्या. पण तेथें सोमवारची रात्र होते तेव्हां येथें मंगळवार उजाडलेला असतो! पहिला आठवडा फुकट गेला. मग त्यांनीं रविवार, मंगळवार व गुरुवार धरले. पाडव्याचा एक पाठ वगळला, तोहि सुरळीत. (खोडतांना ‘हीच बैठक कीं सर्व?’ असा प्रश्न येतो. तेथें घाई करूं नये.)

अमेरिकेंत मार्चच्या दुसऱ्या रविवारीं घड्याळें तासभर पुढें सारतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं मागें घेतात. 2025 सालीं हा रविवार 2 नोव्हेंबरला आला. दुसरे दिवशीं मातुःश्री साडेसहाला पुस्तक उघडून बसल्या. तिकडे आठच वाजले होते; नातू जेवत होता. फोनवर साडेसात ही वेळ आपोआप उमटली होती, पण मातुःश्रींचा विश्वास भिंतीवरच्या घड्याळावर! बराच वेळ वाट पाहून त्यांनीं पुस्तक मिटलें. “कंटाळला असेल,” एवढेंच म्हणाल्या व देवघरांत गेल्या. साडेसातला नातू पडद्यावर एकटाच “आजी, आजी” करीत होता.

आतां बोलावणें आमच्या नांवें, भारतीय वेळेवर आहे. मुलाची वेळ वर्षांतून दोनदां हलते, ही बंधूंची तक्रार खोटी नाहीं. तथापि फोनमध्यें वेळ पाहणाऱ्यानें हलावें, भिंतीवर पाहणाऱ्यास हलवूं नये, असें आम्हांस वाटतें. मार्चांत आठाचे नऊ झाले, कीं मुलाला दुपारीं थोडें निजवावें, इतकें बंधूंस कळविलें आहे.