उंदीरमामांचे गोत्र

इंग्रजीतला ‘माऊस’ आपला भाऊबंद आहे, असे सांगितले तर पुष्कळांना ते पटत नाही. पण आपला ‘मूषक’, लॅटिनमधला ‘मुस’ आणि साहेबाचा ‘माऊस’ हे तिघे एकाच घराण्यातले. संस्कृतात ‘मुष्’ म्हणजे चोरणे. पूर्वजांनी बिचाऱ्याच्या नावातच आरोपपत्र लिहून ठेवले म्हणायचे!

दंड फुगवला की रोमन लोकांना कातडीखाली छोटा उंदीर पळाल्यासारखा वाटे. म्हणून स्नायूला त्यांनी ‘मुस्कुलुस’, म्हणजे ‘छोटा उंदीर’, म्हटले; इंग्रजी ‘मसल’ त्यातूनच आला. आपल्या पोरांना मात्र तिथे बेडूक दिसला, म्हणून ती ‘बेटकुळी’ काढून दाखवतात. भुकेचेही तसेच. हिंदी भाषिकांच्या पोटात उंदीर धावतात, आपल्या पोटात कावळे ओरडतात.

‘रॅट’ अधिक बदनाम. संपात फुटणारा तो रॅट, पक्षाला ऐनवेळी दगा देणारा तोही रॅट. १९१३ साली ब्रिटनमध्ये एक कायदा झाला. मताच्या हक्कासाठी तुरुंगात उपोषण करणाऱ्या स्त्रियांना अशक्तपणा आला की सोडायचे आणि जरा बऱ्या झाल्या की पुन्हा धरायचे. लोकांनी त्याला नाव दिले ‘मांजर-उंदराचा कायदा’.

आम्हां नाशिककरांच्या जुन्या पिढीला मात्र ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द ऐकून धडकी भरे. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग आमच्या जिल्ह्यातही पसरला. १८९९ साली भगुरातही त्याने बळी घेतले. घरात उंदीर मरून पडला की माणसे चूलबोळकी उचलून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. म्हणजे ज्याला आपण आरोपी समजत होतो, तो साथीचा पहिला बळी होता!

पुढे १९६४ च्या सुमारास अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत एक लाकडी खोके तयार झाले. त्याला शेपटीसारखी वायर होती, म्हणून त्याला ‘माऊस’ म्हणू लागले. आता कित्येकांची ती शेपटीही गळाली. नाव तेवढे राहिले.

आमची नात दिवसभर तो हाताशी घेऊन बसते. ‘उंदीर पडले’ म्हटले तर ती टेबलाखाली वाकून पाहील. वाचकहो, त्या शब्दांचा जुना अर्थ तिच्या वाट्याला आला नाही, ही काही लहान मिळकत नव्हे. मात्र तो तिला एकदा नीट समजावून सांगायला हवा.