विश्लेषण : विंडोज १० चा आधार संपला, घरचा जुना संगणक लिनक्सवर न्यावा का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार थांबवला. त्यामुळे पौड, पिरंगुट, भूगावच्या घरांत आणि दुकानांत सुरळीत चालणाऱ्या अनेक संगणकांपुढे अडचण उभी राहिली आहे. संगणक बंद पडत नाही, पण नव्याने सापडणारी सुरक्षेची भगदाडे आता आपोआप बुजवली जात नाहीत. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर ही बाब गंभीर आहे.

विंडोज ११ का घेता येत नाही?

त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची जवळपास सर्व यंत्रे यात बाद होतात. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय कंपनीने जाहीर केली आहे. मात्र, ही केवळ मुदतवाढ आहे.

लिनक्स म्हणजे परके काही?

तसे नाही. तुम्ही हा मजकूर अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. ज्या हिंजवडीत संगणक अभियंते रोज लिनक्सवर काम करतात, ते गावही मुळशी तालुक्यातलेच. तरीही तालुक्यातल्या घरांमध्ये ते फारसे पोहोचलेले नाही, याचे आश्चर्य वाटते.

घरासाठी ‘लिनक्स मिंट’ सोयीचे. ते मोफत आहे, चार जीबी रॅमवर चालते आणि मांडणी विंडोजसारखीच असल्याने घरातल्या ज्येष्ठांनाही फार बिचकायला होत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सातबारा, वीजबिल, नेटबँकिंग ही कामे ब्राउझरमध्ये होतात. तिथे खाली कोणती प्रणाली आहे याने सहसा फरक पडत नाही.

खरी अडचण कुठे येते?

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आधी आपल्या फायली तपासाव्यात. युनिकोडमधील मजकूर लिनक्सवर जसाच्या तसा उघडतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकुराचे मात्र अगम्य चिन्हांत रूपांतर झालेले दिसते. असा मजकूर विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. मराठी कळफलक मिंटमध्ये आहेच. इनस्क्रिप्ट येत असेल, तर काहीच नव्याने शिकावे लागत नाही.

दुकानदारांचा प्रश्न वेगळा आहे. टॅली विंडोजसाठीच बनते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे विक्रेत्याला आधी विचारावे. झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० प्रिंटरसाठी ड्रायव्हर मिळतो, पण तो बसवणे खटपटीचे आहे. ज्यांचा धंदा या तिन्हींवर चालतो, त्यांनी घाई करू नये. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढेच काम असलेल्या घरांनी मात्र थांबण्याचे कारण नाही.

सुरुवात कशी करावी?

मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची असते. ताम्हिणीच्या बाजूला रेंज जेमतेम, त्यामुळे ती पिरंगुट किंवा पुण्यात उतरवून घेतलेली बरी. ‘एचर’ किंवा ‘रुफस’ या मोफत प्रोग्रामने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवावी. पेन ड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाते. मग संगणक सुरू होताना एफ १२ किंवा कंपनीनुसार ठरलेली कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडावा. हार्ड डिस्कला हात न लावता मिंट तिथूनच चालते. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकन निदान आठवडाभर असेच तपासावे.

पटले तरच पुढचे पाऊल. त्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण स्थापनेच्या वेळी ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, की विंडोज आणि त्यातले सगळे जाते. डिस्कवर जागा असेल, तर विंडोजशेजारीच मिंट बसवण्याचा पर्यायही त्याच पडद्यावर मिळतो.