घाटावरचं जानेफळ

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? मेहकर तालुक्यातलं जानेफळ घाटावरचं. खामगावहून मेहकरकडे निघालेला रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेवर चढून आला, की पुढे हे गाव लागतं.

या घाटाने पाण्याच्याही वाटण्या केल्या आहेत. मेहकरजवळून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. घाटाखालची पूर्णा तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. खाली जमीन खोल, काळी. पण शेगाव-संग्रामपूरकडे खारपाणपट्टा, तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. वर पाणी गोडं, मात्र मातीखाली थोड्याच खोलीवर काळा पाषाण. पाऊस मुरायला जागा कमी, म्हणून उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात.

जुन्या कागदांत घाटावर आणि घाटाखाली ही वाटणी दोन नावांनी येते, बालाघाट आणि पायनघाट. अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक 'सरकार' होतं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत खामगावला रेल्वे सुरू झाली. रूळ घाटाखालीच थांबले. घाटावरच्या माणसाला पेठ गाठायला उतरण आलीच.

आषाढीनंतर याच वाटेने गजानन महाराजांची पालखी परतते. पंढरपूरहून लोणार, मेहकर करत ती जानेफळला येते आणि मग घाट उतरून खामगावमार्गे शेगावला जाते.

तेव्हा दुतर्फा सोयाबीन उभं असतं. गेल्या काही दशकांत त्याने कापूस आणि ज्वारीची बरीच जागा घेतली. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती येतं, रब्बीत हरभऱ्याला रान मोकळं होतं. खरी धाकधूक सोंगणीनंतरची. शेतात सुडी लागलेली, मळणीयंत्राची पाळी यायची आणि त्यातच परतीचा पाऊस; ताडपत्री टाकायला रात्री-अपरात्री सारं घर धावतं. ओल लागली की दाणा डागी होतो, आणि डागी मालाला व्यापारी भाव पाडतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. खुल्या बाजारात अनेकांना तेवढेही मिळाले नाहीत.